मुलाने बिझनेस क्लासचं तिकीट काढलंय, आम्हाला तिथे जमेल का?

मंगरुळपीर तालुक्यातल्या एका शेतकरी भावाने विचारलंय. मुलगा न्यू जर्सीत नोकरीला आहे. त्याने आई-वडिलांचं कतार एअरवेजचं नागपूर–दोहा–न्यू यॉर्क असं बिझनेस क्लासचं तिकीट काढून पाठवलं. दोहाला साडेसहा तासांचा थांबा आहे. वडील विचारतात, लाउंजमध्ये जेवायला किती पैसे लागतात? आम्ही धोतर-लुगड्यातली माणसं, आत घेतील का? झोप लागली आणि विमान सुटलं तर? आणि शेवटी, एवढ्या पैशात विहिरीवर सोलर पंप बसला असता, हे रद्द करून साधं तिकीट काढू का?

भाऊ, मी कारंजा लाडला १९ वर्षांपासून तिकिटांचं काम करतो. सुरुवात रेल्वे आणि ट्रॅव्हल्सपासून केली. आता महिन्याला दोन-तीन जोडपी तरी अशी येतात, ज्यांची मुलं बाहेरदेशी आहेत आणि ज्यांनी विमान आजवर फक्त आभाळात पाहिलंय. तुमचे प्रश्न मी दोनदा वाचले. मुलाने पैसे भरलेत, पण त्या पैशात तुमच्या वाट्याला काय काय आलंय हे तुम्हाला कोणी सांगितलेलंच नाही. त्यामुळे तिथे जाऊन अंग चोरून बसायची तयारी तुम्ही आत्तापासूनच केलेली दिसते. मी आधी तेच सांगतो, म्हणजे बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातच येतील.

तिकीट रद्द करायचं निदान हे वाचून होईपर्यंत थांबवा. किती पैसे परत येतील ते भाड्याच्या नियमांवर ठरतं. काही तिकिटांवर थोडी कात्री लागते, काहींवर मोठा तुकडा जातो, आणि त्याच तारखेचं साधं तिकीट आज घ्यायला गेलात तर त्याचंही भाडं चढलेलं असू शकतं. मुलाला 'फेअर रूल' उघडून वाचायला सांगा. पण पैशाच्या आधी गुडघे बघा. तुम्ही लिहिलंय की घरच्या बाईंचे दोन्ही गुडघे गेलेत आणि तुम्हाला शुगर आहे. दोहा ते न्यू यॉर्क सुमारे १४ तास लागतात. तेवढा वेळ पाय मुडपून बसलं की घोट्यांना सूज येते, आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. धडधाकट तरुण माणसाला मी बिझनेसचं तिकीट घ्या म्हणत नाही, कारण भाडं साध्याच्या तिप्पट-चौपट जातं. साठीपुढचं, सांध्यांचं दुखणं असलेलं जोडपं आलं आणि मुलाची ऐपत असली तर मात्र मी स्वतःहून सुचवतो, आणि तेही लांबच्या टप्प्यासाठी. नागपूर–दोहा चार-सव्वाचार तासांचं आहे, ते साध्या सीटवर निभतं. तुमच्या मुलाने दोन्ही टप्पे बिझनेसचे घेतलेत. माझं मत विचाराल तर आता ते तसंच राहू द्या.

तिकीट कागदावर छापून घ्या. दोन्ही उड्डाणांसमोर बिझनेस लिहिलंय का, आणि दोन्ही एकाच पीएनआरवर आहेत का, ते बघा. पीएनआर एकच असला की नागपूरला दिलेली बॅग थेट न्यू यॉर्कला मिळते, दोहाला ती उचलायची नसते, आणि पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं हुकलं तर पुढे नेण्याची जबाबदारी कंपनीची. मग भाड्याचं नाव बघा. कतार एअरवेजमध्ये बिझनेसचं सगळ्यात स्वस्त भाडं 'लाइट' नावाचं असतं. त्यात सीट झोपायचीच मिळते, पण लाउंज धरलेला नसतो आणि सीट आधी निवडायची तर वेगळे पैसे पडतात. तुमच्या तिकिटावर 'लाइट' असेल तर लाउंजचे पैसे आधीच भरून ठेवायला मुलाला सांगा. दारात जाऊन हे कळलं तर तुमचा जीव खट्टू होईल.

आता मी हे सगळं एवढं का सांगतोय ते ऐका. २०१८ मध्ये मानोरा तालुक्यातल्या एका काका-काकूंना मी असंच तिकीट काढून दिलं होतं. काका सहावी शिकलेले, काकूंनी शाळा पाहिलेली नव्हती. दोघांच्याही नावाने व्हीलचेअर टाकलेली होती. आखातातल्या एका विमानतळावर व्हीलचेअरवाल्याने त्यांना उतरवून घेतलं आणि असे प्रवासी जिथे बसवतात त्या कोपऱ्यात नेऊन बसवलं. दोघं तिथे पाच तास बसून राहिले. काकूंनी घरच्या दशम्या आणि तिळाची चटणी खाल्ली. पाणी कुठे आहे हे विचारायचा संकोच वाटला म्हणून पाणीसुद्धा नीट प्यायल्या नाहीत. त्याच इमारतीत त्यांच्यासाठी गरम जेवण, अंघोळीची खोली, पाठ टेकायला जागा, सगळ्याचे पैसे भरलेले होते. परत आल्यावर मी विचारलं, "काका, लाउंज कसा होता?" ते म्हणाले, "कोनता लाउंज जी? आमाले त कोनं सांगतलंच नाई."

चूक माझी होती. मी त्यांना गेट समजावलं, बॅगेचं वजन समजावलं, पण लाउंज म्हणजे काय हे बसवून सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक जोडप्याला एक पाऊच देतो. आत जाड कागद, गळ्यात अडकवायला दोरी. कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत तीन ओळी छापलेल्या असतात: आम्ही बिझनेस क्लासचे प्रवासी आहोत, आम्हाला लाउंजमध्ये न्या. पुढच्या विमानाच्या दोन तास आधी आम्हाला तिथून घ्यायला या. आम्ही शाकाहारी आहोत. मागच्या बाजूला मुलाचं नाव, त्याचा नंबर, चालू औषधांची नावं. व्हीलचेअर ढकलणाऱ्याला बोलून सांगायची गरज नाही, पाऊच पुढे करायचा. दोहालासुद्धा व्हीलचेअरवाला तुम्हाला सरळ बसायच्या जागी नेऊ लागला तर तिथेच पाऊच दाखवा.

लाउंज म्हणजे काय? वरपक्षाला आपण जानवसा देतो ना, तसं धरा. मांडव वेगळा, जानवसा वेगळा. जानवशात चहा-नाश्ता असतो, अंघोळीची सोय असते, गादी-तक्के असतात, आणि लग्नाची वेळ झाली की उठून मांडवात जायचं. जानवशात चहाचे पैसे कोणी मागितलेत का कधी? लाउंजमध्येही मागत नाहीत. तुम्ही तिथे वरबाप आहात आणि बिल मुलाने आधीच चुकतं केलंय.

दोहाच्या हमद विमानतळावर मधल्या मोठ्या चौकात एक भलंमोठं पिवळं अस्वल बसलेलं आहे, जवळपास ७ मीटर उंच, डोक्यावर दिवा. ही खूण पक्की लक्षात ठेवा, वाट चुकलात तर कुणालाही अस्वल विचारता येतं. त्याच्याजवळूनच वर गेलं की अल मुरजान नावाचा बिझनेस लाउंज लागतो. दारातल्या टेबलावर बोर्डिंग पास द्यायचा. ते यंत्रावर लावतात, टीक असा आवाज येतो आणि पास हातात परत देतात. एवढंच. तो पास पुन्हा खिशात नीट ठेवा, पुढे लागणार आहे.

आत गेल्यावर लगेच जेवायला बसू नका, आधी एक चक्कर मारा. कुठे काय मांडलंय, स्वच्छतागृह कुठे, गाड्यांच्या फलकासारखा विमानांचा फलक कुठे, ते बघून ठेवा. जेवण दोन तऱ्हेचं असतं. एक मांडलेलं, आपलं आपण वाढून घ्यायचं. दुसरीकडे टेबलावर बसलं की माणूस कार्ड आणून देतो आणि तुम्ही मागवाल ते बनून येतं. दोन्हीचे पैसे नाहीत, टीप द्यायची सक्ती नाही. शाकाहारी असाल तर पदार्थासमोरची पाटी वाचून घ्या, शंका आली तर बोट दाखवून "व्हेज?" एवढंच विचारा. फळं, दही, ब्रेड, काबुली चण्याचं वाटण, सलाड यावर पोट सहज भरतं. आपल्यासारखं तिखट मिळणार नाही, म्हणून कोरड्या चटणीची पुडी जवळ असू द्या. ताटाशेजारी पुडी उघडली तर कोणी काही म्हणत नाही.

अंघोळीचं आवर्जून सांगतो. रात्रभराच्या प्रवासानंतर गरम पाण्याने अंघोळ करून धुतलेले कपडे घातले की अर्धा शीण जातो, पण आमच्याकडची बहुतेक माणसं तेवढंच करायची राहतात, कारण कुणाला विचारायचं ते कळत नाही. शॉवरपाशी उभ्या असलेल्या माणसाला "शॉवर" म्हणायचं. तो नाव घेतो, खोली रिकामी झाली की बोलावतो. टॉवेल, साबण आतच असतो. त्यासाठी कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत टाकलात तर तो थेट न्यू यॉर्कलाच दिसेल. पाठ टेकायला शांत खोल्याही आहेत, पण मोजक्या. रिकामी असली तर मिळते. नसली तर कोपऱ्यातला लांब सोफा बघा.

आता झोप लागण्याचं. ही भीती खरी आहे, कारण बऱ्याच लाउंजमध्ये विमानाची घोषणा करत नाहीत. रेल्वे स्टेशनसारखं कोणी ओरडून सांगणार नाही. घड्याळाचा घोळ आधी समजून घ्या: कतारची, म्हणजे दोहाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. आपल्याकडे सकाळचे १० वाजले की तिथे साडेसात. फोनमधली वेळ आपोआप बदलेलच असं नाही, मनगटावरचं घड्याळ तर बदलतच नाही. बोर्डिंग पासवरची वेळ नेहमी तिथली, स्थानिक असते. म्हणून दोहाला उतरल्या उतरल्या फलकावर बघून मनगटावरचं घड्याळ लावा, फोनमधली वेळ जुळते का बघा आणि मग त्यात दोन गजर लावा. दोघांनी एकाच वेळी झोपू नका, आळीपाळीने झोपा. अमेरिकेच्या विमानांना गेटजवळ आणखी एकदा तपासणी होते, चपला-बुटांपासून पिशवीपर्यंत. त्यात वेळ जातो. पाऊचवर दोन तास लिहिलेत ते यासाठीच. तेवढ्या आधी लाउंज सोडायचाच. जेवण अर्धं राहिलं तरी सोडायचा, कारण विमानात बसल्यावर पुन्हा जेवण आहेच.

कपड्यांची काळजी अजिबात करू नका. अरबस्तानातली माणसं त्यांच्या झब्ब्यात असतात, आफ्रिकेतल्या बायका त्यांच्या रंगीत वस्त्रांत असतात, तुमचं पांढरं धोतर आणि बाईंचं नऊवारी त्यांच्यात शोभून दिसतं. स्वच्छ असलं की झालं. मला काळजी वेगळी वाटते, थंडीची. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंशांत राहिलेली माणसं तिथल्या एसीत कुडकुडतात. शाल, पायमोजे, कानाला रुमाल हातातच ठेवा.

विमानाकडे येऊ. नागपूर–दोहाला कोणतं विमान लागतं त्यावर सीट कशी ते ठरतं. लहान विमान असलं तर सीट रुंद आणि मागे कलणारी मिळते, पूर्ण आडवी होईलच असं नाही. लांबच्या विमानात मात्र सीटचा पलंग होतो. मुलाला आजच सांगा की मधल्या ओळीतल्या, एकमेकांना लागून असलेल्या दोन सीट निवड. नाहीतर एक खिडकीला एका बाजूला आणि दुसरा पलीकडे असं होतं, आणि बाईंना काही हवं असलं तर तुम्हाला कळणारही नाही. काही विमानांत प्रत्येक सीटला सरकतं दार असतं. कोंडल्यासारखं वाटलं तर ते उघडंच ठेवा.

बसल्यावर काय होतं ते क्रमाने सांगतो, म्हणजे गोंधळ होणार नाही. प्यायला काहीतरी आणतात. ट्रेमध्ये दारूचे ग्लासही असतात, म्हणून "वॉटर" किंवा "ज्यूस" म्हणून सांगा. मग चिमट्याने एक गुंडाळलेला पांढरा, वाफा निघणारा रुमाल देतात. तो हात-तोंड पुसायला असतो. पुसून झाला की बाजूला ठेवा, हवाई सुंदरी येऊन घेऊन जातात. मग जेवणाचं कार्ड. कतारच्या लांबच्या विमानात बिझनेसवाल्यांना हवं तेव्हा जेवता येतं, सगळ्यांबरोबर जेवायलाच पाहिजे असं नाही. तुम्ही शुगरवाले आहात, तुमच्यासाठी हे फार सोयीचं आहे. गोळ्यांच्या किंवा इन्सुलिनच्या वेळा विमानात कशा धरायच्या ते निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या, कारण घड्याळं बदलत जाणार आहेत. इन्सुलिन आणि सगळी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीतच ठेवा, खालच्या बॅगेत कधीच नाही.

सीटच्या कडेला बटणं असतात. त्यातल्या एकावर आडवा पडलेला माणूस काढलेला असतो. ते दाबून धरायचं, सोडायचं नाही. सीट हळूहळू सरकत सरकत पूर्ण आडवी होते. मधेच बोट उचललं की ती तिथेच थांबते आणि माणसाला वाटतं, एवढीच होते. माझ्या आईला घेऊन गेलो होतो तेव्हा ती तीन तास अर्धवट कललेल्या सीटवर पडून राहिली होती, मी पलीकडून उठून पाहिलं तेव्हा कळलं. बटण जमलं नाही तर माणसाची आकृती असलेलं दुसरं बटण दाबा, हवाई सुंदरी येऊन गादी अंथरून देते. पांघरूण घेतल्यावर पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा. हादरे बसायला लागले की त्या पट्टा बघत फिरतात. तो दिसला तर झोपमोड करत नाहीत.

शौचालयाचं दार बहुधा मधोमध दुमडणारं असतं. ओढायचं नाही, मधे ढकलायचं. आतून कडी सरकवली की दिवा पूर्ण लागतो. आत पाण्याचा पाइप नसतो, कागदच असतो, म्हणून अर्ध्या लिटरची रिकामी बाटली जवळ ठेवा आणि आतल्या नळाखाली भरून घ्या. दोहाच्या विमानतळावर मात्र पाइप असतो, त्यामुळे शक्य ते तिथेच उरकून घ्या. बाईंना हे तुम्ही आधी सांगा, त्या परक्या बाईला विचारणार नाहीत. आणि संकोचापायी पाणी पिणं कमी करू देऊ नका. विमानातली हवा फार कोरडी असते. दर दोन तासांनी उठून सीटपासून शौचालयापर्यंत एक फेरी मारायचीच, आडवी सीट असली तरी.

जेवण आजच टाकून घ्या, निदान विमानाच्या २४ तास आधी तरी ते नोंदलेलं लागतं. यात एक मोठी गफलत होते. यादीत 'हिंदू मील' दिसतं आणि मुलं तेच टाकतात. हिंदू मील म्हणजे मांसाहारी जेवण, फक्त त्यात गोमांस नसतं. तुमच्यासाठी 'एशियन व्हेजिटेरियन', म्हणजे एव्हीएमएल हा कोड पाहिजे. कांदा-लसूण चालत नसेल तर जैन, व्हीजेएमएल. एका माळकरी जोडप्याच्या पुढ्यात कोंबडीचं ताट आलं होतं. त्यांनी १४ तास काही खाल्लं नाही. मुलाने मायेनेच टाकलं होतं, नाव वाचून.

व्हीलचेअरमध्येही प्रकार आहेत. बाईंना जिने चढता येत नसतील तर ते स्पष्ट सांगून टाकायला सांगा, नुसतं व्हीलचेअर म्हटलं तर लांब चालता न येणाऱ्याची साधी नोंद होते आणि जिना लागला तर पंचाईत. तुम्ही मात्र व्हीलचेअर घेऊ नका, तुम्हाला चालता येतं. तुम्ही बाईंच्या बरोबर चालत राहिलात तर पिशव्याही हाताखाली राहतील आणि लक्षही राहील.

सामानाचं थोडक्यात. बिझनेसमध्ये अमेरिकेला माणशी दोन बॅगा, प्रत्येकी ३२ किलोपर्यंत. म्हणून भरभरून नेऊ नका, दोघांच्या मिळून दोनच न्या, उतरल्यावर त्या तुम्हालाच पट्ट्यावरून ओढायच्या आहेत. सुकं खोबरं नेऊ नका, तेलामुळे ते पेट घेणाऱ्या मालात धरतात आणि काढून टाकतात. मुलाच्या परसात लावायला म्हणून वाल, भेंडी, अंबाडीचं बी बांधून नेणारे खूप आहेत. परवानगीशिवाय बियाणं अमेरिकेत चालत नाही. उतरल्यावर तिथल्या तपासणीत शेतात, गुराढोरांत होतात का, असं विचारलं तर खरं ते सांगा, होय म्हणा. शेतात घातलेले बूट घासून धुऊन न्या. खरं सांगितलं तर बहुतेक वेळा बूट बघून सोडतात, लपवलेलं सापडलं तर दंड होतो.

निघायचं कसं तेही सांगून ठेवतो. नागपूरचं विमान पहाटेचं आहे, त्यामुळे मध्यरात्रीच्या सुमारास विमानतळावर असलं पाहिजे. मंगरुळपीरहून कारंज्याला या, तिथून समृद्धी महामार्गाला लागा. नागपुरात शिरून सोनेगावच्या विमानतळावर पोचायला तिथून अडीच तास धरा, वर एक तास हाताशी ठेवा. समृद्धी सरळ आणि रिकामी आहे, म्हणूनच रात्री ड्रायव्हरला डुलकी लागते. त्याला त्या दिवशी दुपारी झोपवा आणि टायरची हवा आधी बघून घ्या.

पाऊच माझ्याकडे तयार असतात. मुलाचा नंबर आणि औषधांची नावं मला कळवा, मी मागची बाजू छापून ठेवतो. एरवी साडेआठला दुकान बंद करतो, पण त्या दिवशी तुम्ही येईपर्यंत थांबतो. बाईंना गाडीतून उतरायला लावू नका, मी बाहेर येऊन देतो आणि तिथेच दोन मिनिटांत त्यांनाही समजावून सांगतो.